निवळशंख पाणी

तांबडी जलाशयाच्या तळातून उपसून आणलेल्या गाळात ओळखकण जवळजवळ नव्हतेच. डॉ. उल्का पाठारे हिने पहिली शंका यंत्रावर घेतली. तिने कणवाचक बंद करून पुन्हा सुरू केला, काचपट्टी स्पिरिटने पुसली, गाळाची नवी चिमूट लावली. पडद्यावर पुन्हा तेच आले. गाळ भरपूर, ओळख नावापुरती.

"असं कसं होईल?" ती स्वतःशीच म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

तांबडीच्या सबंध खोऱ्यात, सह्याद्रीच्या माथ्यापासून धरणाच्या भिंतीपर्यंत, असा एकही उतार उरला नव्हता जिथे उल्काने तयार केलेले ओळखकण पसरलेले नाहीत. पिठासारखे बारीक, काचेचे कण. प्रत्येकाच्या पोटात प्रयोगशाळेत विणलेला जनुकीय संकेत. प्रत्येक उताराला त्याचा वेगळा संकेत. पावसाने एखाद्या उताराची माती नेली की तिच्यासोबत तिथले ओळखकणही जात, आणि ती माती कुठेही जाऊन बसली तरी कणवाचक तिचे मूळ ठिकाण सांगत असे. ती काम करी त्या तांबडी खोरे मंडळातले लोक उल्काला गमतीने 'मातीचा पोस्टमास्तर' म्हणत. आज या पोस्टमास्तरपुढे बिनपत्त्याच्या मातीचा ढीग पडला होता.

ओळखकण आले ते मृदाबंधाच्या पाठोपाठ. धरण बांधल्यावर दोन पिढ्यांतच ते निम्मे गाळाने भरले होते आणि खालची शहरे उन्हाळाभर टँकरची वाट पाहत बसत. तेव्हा तांबडी खोरे मंडळाने मृदाबंध आणला. हे एक जिवाणूंचे विरजणच म्हणायचे. उतारावर फवारले की ते वीतभर खोल उतरे आणि मातीत वस्ती करून राही. पावसाचा थेंब आपटला की त्याचा हादरा जिवाणूंना कळे आणि ते चिकट तंतू सोडून मातीचे दाणे एकमेकांना बांधून टाकत. पाऊस जितका जोराचा, तितकी वीण घट्ट. पहिले काही पावसाळे धरणात गाळ आलाच नाही. नदीचे नाव तांबडी, पण पाणी काचेसारखे. लोक मुद्दाम गाडी करून ते पाणी पाहायला येत.

आणि गेल्या दोन पावसाळ्यांत गाळ परत आला होता. पूर्वीपेक्षाही जास्त.

दुपारी मंडळाचे प्रशासक देवव्रत रणपिसे प्रयोगशाळेत डोकावले. टँकरच्या रांगा त्यांनी खालच्या शहरात असताना रोज पाहिल्या होत्या, त्यामुळे धरणाच्या बाबतीत ते हळवे होते आणि कडकही.

"सापडलं का काही?"

"थोडं सापडलं, सर. पण जे सापडलं नाही ते जास्त आहे."

"सापडलं ते कुणाचं?"

"मेटाच्या वाडीचं. जेवढे ओळखकण मिळाले तेवढे सगळे तिथलेच."

रणपिसे यांनी सुस्कारा सोडला. "मग झालं तर."

मेटाची वाडी म्हणजे खोऱ्याच्या पूर्वेला, डोंगराच्या सोंडेवरची ठाकर आदिवासींची वस्ती. तिथल्या लोकांनी मृदाबंध जागोजागी खणून काढल्याचे ड्रोनच्या छायाचित्रांत दिसले होते. पश्चिमेकडच्या निंबळे गावाने मंडळाकडे अर्जच केला होता: आम्ही इतकी वर्षे नियम पाळतो आणि वाडी सगळे मातीत घालते, तिला खोऱ्याबाहेर हलवा. पुढच्या आठवड्यात त्याची सुनावणी होती.

"पण सर, वाडीची माती म्हणजे आमटीत मीठ असतं तेवढी आहे," उल्का म्हणाली. "बाकीची आमटी कुणाची?"

"जुनाच गाळ ढवळून वर आला असेल."

"नाही. हा अगदी वरचा थर आहे, याच पावसाळ्यातला. यातली पानं अजून कुजलेलीसुद्धा नाहीत."

रणपिसे दाराकडे वळले. "डॉक्टर, सुनावणीत प्रश्न एवढाच आहे की वाडीची माती धरणात आली की नाही. आली. तुम्ही तेवढं सांगा. बाकीचं संशोधन सावकाश करा, कोण नको म्हणतंय?"

ते गेले. उल्काला मात्र ते 'सावकाश' काही जमेना. बिनपत्त्याची माती तिच्या डोक्यात ठाण मांडून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इक्बाल परकारला घेऊन लाँचमधून जलाशयावर निघाली. इक्बाल मंडळाचा जलगतितज्ज्ञ. खाडीकाठी वाढलेला, पाण्याकडे पाहून त्याच्या तळाचा अंदाज बांधणारा. दोघांची मैत्री जुनी आणि भांडणेही जुनी.

जलाशयाला वरून मिळणारे दोनच मोठे ओढे. पूर्वेकडून मेटाचा, पश्चिमेकडून निंबळ्याचा. दोघांची लांबी सारखी, डोंगर सारखेच उंच, पाऊसही तोच. फरक माणसांत होता. मेटाच्या ओढ्यावर नियम मोडणारी वाडी, तर निंबळ्याच्या ओढ्यावर खोऱ्यातले आदर्श गाव. निंबळ्यात कुणी मृदाबंधावर कुदळ मारली नव्हती, गुरे सोडली नव्हती, होळीचा खड्डासुद्धा ओढ्यापलीकडच्या कातळावर नेला होता.

मेटाच्या ओढ्याच्या तोंडाशी त्यांनी नळी तळात रोवून वर काढली. गाळाचा थर पातळ, तांबडा. छोट्या कणवाचकावर वाडीचे संकेत पटापट उमटले.

"चोर सापडला," इक्बाल म्हणाला.

"हा भुरटा. दरोडेखोर वेगळाच आहे."

लाँच पश्चिमेकडे वळली. निंबळ्याच्या ओढ्याचे तोंड अजून बरेच लांब होते, तोच खालून खरखर झाली आणि लाँच जागच्या जागी रुतली. उल्का पुढे कोलमडता कोलमडता वाचली. इक्बालने वाकून पाहिले. पाण्याखाली, हातभर अंतरावर, पिवळट गाळाचा भलामोठा पंखा पसरला होता. गेल्या वर्षीच्या नकाशात तिथे खोल पाणी होते.

तिने नळी रोवली. चिमूटभर गाळ पट्टीवर लावला. एकही ओळखकण नाही.

दोघे रुतलेल्या लाँचमध्येच बसून राहिले. उल्का बोटांवर मोजू लागली. "पावसाचा जोर. मातीचा पोत. उताराची लांबी आणि चढ. वरचं आच्छादन. आणि माणूस काय करतो ते. धूप किती होणार हे या पाच गोष्टी ठरवतात, आणि त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मृदाबंधानं मातीचा आकडा शून्यावर आणला. मग बाकीचे चार कितीही मोठे असोत, गुणाकार शून्यच. निंबळ्यातून गाळ येऊच शकत नाही."

"आपण त्याच्यावरच बसलोय," इक्बाल म्हणाला.

"वाऱ्याची धूळ असेल असंही वाटलं. पण ती इतकी जाड नसते. वाळवी खालची माती वर आणते, तिच्यात ओळखकण नसतील. पण एवढा ढीग घालायला सबंध डोंगराचं वारूळ व्हायला हवं."

इक्बाल ओढ्याकडून येणाऱ्या धारेकडे टक लावून पाहत होता. पाणी इतके निवळशंख होते की तळाच्या गाळाचा कण न् कण मोजून घ्यावा.

"हे पाणी तुला कसं वाटतं?" त्याने विचारले.

"सुंदर."

"मला उपाशी वाटतं."

उल्काने त्याच्याकडे पाहिले. तो थट्टा करत नव्हता.

"पाणी डोंगरावरून पळत सुटतं तेव्हा त्याच्या अंगात जोर असतो," तो सांगू लागला. "तो कुठेतरी खर्च व्हायलाच हवा. एरवी तो माती वाहण्यात जातो. डोक्यावर भारा असलेला माणूस बेतानं पाय टाकतो ना, तसं गढूळ पाणी बेतानं जातं. आपण त्याचा भारा काढून घेतला. जोर मात्र तेवढाच राहिला. आता ते वाटेत जे हाताला लागेल ते उचलणार."

"उचलेल कुठून? उतार तर सगळे बांधलेले आहेत."

"उतार बांधलेत. ओढ्याचा तळ?"

पाच गोष्टींचे ते सूत्र उल्काने विद्यार्थीदशेपासून शेकडो वेळा मांडले होते. ते सूत्र उताराचे होते. शेताच्या कडेला, जिथे पाणी ओढ्यात उतरते, तिथे ते संपत होते. ओढ्यात पुढे काय होते हे सांगण्याचा दावा त्याने कधी केलाच नव्हता.

"पण जंगलातून येणारं पाणीही स्वच्छच असतं," ती म्हणाली. "तिथे कुठे ओढे फाटतात?"

"जंगल पाणी पिऊन घेतं. पालापाचोळ्यात जिरवतं, हळूहळू सोडतं. त्यामुळे जोरच कमी होतो. शिवाय थोडी माती जंगलही जाऊ देतं. तुमचा मृदाबंध मुसळधारेत घट्ट होतो म्हणतेस, म्हणजे नेमकं तेव्हाच पाणी मुरणंही कमी. सगळं पाणी ओढ्यात, आणि सगळं रिकाम्या हातानं." तो तिच्याकडे वळला. "तुझे ओळखकण मातीत किती खोल आहेत?"

"वीतभर."

"आणि त्याच्या खालची माती?"

"तिला पत्ता नाही," उल्का म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आले.

त्यांनी वल्ह्याने रेटून लाँच सोडवली, काठाला लावली आणि ओढ्यातून वर चालत निघाले.

ऑक्टोबरचे ऊन रणरणत होते. सुरुवातीला ओढ्याचा तळ म्हणजे नुसता धुतलेला कातळ होता. ना वाळू, ना गोटे. मग दोन्ही बाजूंना ताज्या, पिवळ्या मुरमाच्या भिंती सुरू झाल्या. आधी कमरेइतक्या, मग डोक्यावर गेल्या. भिंतींतून झाडांची मुळे लोंबत होती. एका ठिकाणी हातपंपाचा लोखंडी पाइप मातीतून उघडा पडून अधांतरी टांगला होता. पुढे रस्त्याची मोरी आली. पूर्वी तिच्यातून पाणी जात असे, आता ती दोघांच्या डोक्यावर पुरुषभर उंचीवर लटकत होती.

"वरून हे काहीच दिसत नाही," उल्का म्हणाली. "ड्रोनच्या चित्रात नुसती झाडांची रांग दिसते."

"आपण उतारांची चित्रं काढत होतो," इक्बाल म्हणाला.

वरून पाणी कोसळण्याचा आवाज येऊ लागला. एका वळणापलीकडे ओढ्यात एकदम उंच पायरी होती आणि तिच्यावरून स्वच्छ पाणी खाली झेपावत होते. दोघे पाहत असतानाच पायरीच्या ओठावरचे मुरमाचे एक ढेकूळ सुटले, धपकन खाली पडले आणि पाण्याने ते बघता बघता विरघळवून नेले.

"ही पायरी जागेवर राहत नाही," इक्बाल आवाज चढवून म्हणाला. "दर पावसाळ्यात मागे सरकते. डोंगराकडे. तळ खचला की काठ ढासळतो, काठ ढासळला की..."

"उताराचा चढ वाढतो," उल्काने वाक्य पुरे केले. "आम्ही पाचांपैकी चढ हा न बदलणारा आकडा धरला होता."

मुळांना धरून दोघे काठावर चढले. समोर, हाकेच्या अंतरावर, निंबळ्याची शाळा होती. तिच्या कुंपणाचा शेवटचा खांब घळीच्या कडेवर आला होता. शाळेच्या मागे गाव, आणि गावाच्या मागे हिरव्यागार उताराची भिंत. कुठे ओरखडा नाही, कुठे घसरण नाही. वीतभर जाडीचे ते एकसंध कातडे सबंध डोंगर पांघरून बसले होते आणि त्याचा पायथा ओढा कुरतडत होता.

"सुट्टी माती थोडी थोडी खाली येते," इक्बाल हळू म्हणाला. "ही..."

"ही एकदम येईल," उल्का म्हणाली.

गावचे सरपंच रोहिदास कोंडे त्यांना पाहून लगबगीने आले. पन्नाशीचे, उत्साही गृहस्थ. मृदाबंधाची मोहीम गावात त्यांनीच राबवली होती. बकऱ्या बांधून घालाव्यात म्हणून घरोघर फिरून लोकांशी वाईटपणा घेतला होता.

"पाहिलंत ना पाणी, मॅडम? नुसती काच!" त्यांनी आपल्या घरून ताक मागवले. "ओढा जरा खोल झालाय, पण ते बरंच झालं, पूर गावात शिरत नाही. आता वाडीचं तेवढं मनावर घ्या. आम्ही इकडे जिवाचं रान करायचं आणि त्यांनी तिकडे खड्डे खणायचे."

उल्काने ताकाचा पेला खाली ठेवला. "सरपंच, माझं एक ऐका. शाळेच्या या टोकाच्या दोन खोल्या आजपासून बंद ठेवा. मुलांना इकडे फिरकू देऊ नका."

"का हो?"

"सगळं सुनावणीत सांगते. माझी खात्री व्हायची आहे अजून. पण खोल्या मात्र बंद करा."

रोहिदासना काही उमगले नाही. पण मंडळाचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे शिपायाला कुलूप आणायला पाठवले.

खात्री करायची तर जिथे मृदाबंध खणला गेला होता तिथला ओढा पाहायला हवा होता, म्हणजे मेटाच्या वाडीवरचा. इक्बाल आपली आकडेमोड घेऊन बसला आणि उल्का एकटीच तिकडे गेली. वाडीची कारभारीण चांगुणा मेंगाळ अंगणात नाचणी पाखडत होती. मंडळाची गाडी पाहूनही ती उठली नाही.

"आमी काय लपवलं नाय, बाई," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "खांदलंय. त्ये बगा, थितं. थितंबी. लिवून घ्या."

"मी लिहायला नाही आले. का खणलंत ते विचारायला आले."

चांगुणाने आता तिच्याकडे नीट पाहिले. "करांद्याच्या कंदासाठी. दुसरं काय? तुमचं त्ये औशद मारलं तवापून माती धरून बसती. करांदा आत वाढना, वाढला तर निगंना. कुदळ मारावी तर निस्ता खण्ण आवाज. आमच्या पोरासोरांनी काय खायाचं? मंग आमी पट्टं काढलं. एक पट्टा खांदायचा, एक तसाच ठेवायचा."

"तसाच का ठेवायचा?"

"आख्खा डोंगर खांदायला आमी काय रिकामं हाय?" चांगुणा हसली. "लागंल तेवडंच खांदतो."

"आणि ओढ्याचं काय? ओढा खोल झाला का तुमचा?"

"वड्याचं आमाला काय ठावं? करांदं निगंनात म्हून खांदलं."

उल्का ओढ्यावर गेली. पाणी तांबूस गढूळ होते आणि घोट्याइतक्या खोलीचे. तळाशी गोटे, वाळू, कडेला गवत. एक म्हैस रमतगमत पलीकडे गेली. काठ होते तिथेच होते. उल्काने पट्ट्यांखालची ओल तपासली. खणलेल्या पट्ट्यांत पाणी खोलवर मुरले होते आणि जे वाहिले ते आपल्यासोबत थोडी माती घेऊन गेले होते. ओढ्याला जोर कमी मिळाला होता आणि ओझे मिळाले होते. तळ खणण्याची त्याला गरजच पडली नव्हती.

परत येताना तिने गाडी मध्येच थांबवली आणि बराच वेळ समोरचे दोन्ही डोंगर पाहत बसली. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या बरोबरीने एक विलक्षण कुतूहलही. एकाच पावसाने दोन डोंगरांना अशी दोन वेगळी उत्तरे दिली होती, आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहत होती.

सुनावणी मंडळाच्या सभागृहात झाली. एका बाजूला निंबळ्याची माणसे, धुतलेल्या टोप्या, इस्त्रीचे शर्ट. दुसऱ्या बाजूला वाडीची मोजकी माणसे. रणपिसे मधोमध.

"डॉ. पाठारे, मेटाच्या वाडीची माती जलाशयात आली आहे का?"

"आली आहे."

निंबळ्याच्या बाजूला कुजबुज झाली. चांगुणा समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली.

"पण साहेब, मला पुढचंही सांगू द्या," उल्का म्हणाली आणि परवानगीची वाट न पाहता तिने पडद्यावर दोन्ही ओढ्यांचा गाळ शेजारी शेजारी दाखवला. तांबडा पातळ थर आणि पिवळा डोंगर. "हा वाडीचा. हा निंबळ्याचा."

"निंबळ्याचा?" रोहिदास ताडकन उठले. "आमच्याकडे एक कुदळ पडली नाही!"

"म्हणूनच, सरपंच."

मग इक्बालने घळीचे, लटकत्या मोरीचे, त्या सरकत्या पायरीचे चित्रण दाखवले आणि लाँचमध्ये जे सांगितले होते तेच पुन्हा, आणखी सोपे करून सांगितले.

"तुमचं म्हणणं असं," रणपिसे एकेक शब्द तोलत म्हणाले, "की वाडीनं नियम मोडला नसता..."

"तर मेटाचा ओढाही असाच फाटला असता आणि धरणात दुसरा असाच ढीग आला असता. वाडीच्या मातीचा पत्ता आम्हाला सापडला याचं कारण तिची वरची माती थोडी थोडी जाते. निंबळ्याची जाते ती खालून, आणि खालच्या मातीवर आम्ही पत्ता लिहिलेलाच नाही."

"मग निंबळ्याचा बंध काढून टाका!" मागून कुणीतरी ओरडले.

"काढायचाच आहे. सगळ्या खोऱ्यातला, पट्ट्यापट्ट्यांनी," इक्बाल म्हणाला. "पण पायरी शाळेला भिडली आहे. येत्या पावसाळ्यात ती थांबणार नाही. गाव हलवावं लागेल."

रोहिदास उभेच होते. "मॅडम, आम्ही काय चुकलो?"

"काहीच नाही. सांगितलं तसं सगळं केलंत." उल्का त्यांच्याकडे वळली. "सांगणाऱ्यांनी फक्त उताराकडे पाहिलं होतं. त्यांच्यात मीही आले."

रणपिसे यांच्यासमोर वाडीच्या स्थलांतराचा हुकूम तयार होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि नकाशा ओढून घेतला. "न्यायचं कुठे? खोऱ्याबाहेर जमीन मिळायची तर वर्षं जातील. पावसाळ्याआधी हवी."

इक्बाल उत्तर द्यायला कचरत होता. "ज्या जागेखालचा ओढा फाटलेला नाही अशीच जागा सुरक्षित धरता येईल. घरं मावतील एवढी सपाटी, आणि पायथा शाबूत. मी सगळं खोरं पाहिलं." त्याने नकाशावर पूर्वेच्या सोंडेला बोट लावले. "एकच आहे."

ते बोट मेटाच्या वाडीवर होते.

सभागृहातल्या सगळ्या माना हळूहळू चांगुणाकडे वळल्या. निंबळ्याचा अर्ज रणपिसे यांच्या पुढ्यातच होता आणि त्यावरची पहिली सही रोहिदास यांची होती.

चांगुणा पदर सावरून उठली. "म्हंजी, आमाला हाकलायला आलाव्हता, नि आता आमच्यात ऱ्हायाला येनार?"

रोहिदासनी मान खाली घातली. "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचं चूक म्हणता येणार नाही."

"नाय कशाला म्हनू? तुमचीबी पोरं हायती." तिने वाडीतल्या माणसांकडे पाहिले, एकदोघांनी मान हलवली. "या. पर घरं सोंडंच्या माथ्याव बांदायची. उताराव नाय. उतार खांदावा लागतो. आनि खांदायला तुमीबी यायचं, बायामान्सं समदी. निस्तं बसून पानी बगायचं नाय."

"किती खणायचं?" रोहिदासनी विचारले. नियम समजून घ्यायची त्यांची सवयच होती. "एका वर्षाला किती माती जाऊ द्यायची?"

चांगुणाने हात हलवला. तिला तसा हिशेब कधी लागला नव्हता. मग सगळेच उल्काकडे पाहू लागले. खोऱ्यातली माती अजिबात जाऊ नये यासाठी तिच्या शास्त्राने आयुष्ये वेचली होती. किती गेली म्हणजे ओढ्याला पुरते हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"मला माहीत नाही," उल्का म्हणाली. "पण शोधता येईल. मला वाडीवर एक खोली द्या."

उन्हाळ्यात निंबळे सोंडेवर आले. पत्रे, दारे, देव, गोठे, शाळेचे बाक, सगळे ट्रॅक्टरवर चढले. थोडी धुसफूस झाली, पाण्याच्या टाकीवरून एकदा चांगलेच भांडण झाले, ते चांगुणा आणि रोहिदास दोघांनी बसून मिटवले. निंबळ्याच्या बायका पट्टे खणायला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचे हात थबकत होते. इतकी वर्षे ज्या मातीला बोट लावायचे नाही असे मनात बिंबले होते तिच्यावर कुदळ उचलवत नव्हती. उल्का प्रत्येक पट्ट्याची रुंदी बदलून पाहत होती आणि खाली ओढ्यात इक्बाल पाण्याचे ओझे मोजत होता.

श्रावणात एका दुपारी, पाऊस उघडून ऊन पडले असताना, पश्चिमेकडून खोल घरघर ऐकू आली. सगळे माथ्याच्या कडेला धावले. समोर निंबळ्याचा डोंगर हलत होता. तो तुटला नाही, फुटला नाही. सबंध हिरवा उतार, वरच्या उभ्या झाडांसकट, एका तुकड्याने खाली सरकला आणि रिकाम्या गावावर येऊन बसला. शाळा दिसेनाशी झाली. मग आवाज थांबला. रोहिदास खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोके धरले. चांगुणा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कुणीतरी माणसे मोजायला सुरुवात केली, आणि सगळी माणसे भरली.

बऱ्याच वेळाने उल्का आणि इक्बाल दुर्बिणीतून ओढा पाहू लागले. कोसळलेल्या मातीच्या ढिगाला बगल देऊन पाणी वाट काढत होते. गढूळ, संथ, जड.

"आता ते तळ खणायचं नाही," इक्बाल म्हणाला. "त्याला खायला मिळालं."

"किती दिवस पुरेल?"

इक्बालने दुर्बीण खाली घेतली. त्या ढिगाकडे, त्या पाण्याकडे आणि मग उल्काकडे पाहून तो म्हणाला, "चल, मोजायला लागू."